नंबर धरणारी गयाआक्का

आक्का गेल्याची बातमी मला वडीगोद्रीला कळली. भाचीच्या लग्नाची तयारी होती म्हणून मी माहेरी गेले होते. दादाचं हायवेला लागून पंक्चर काढायचं दुकान आहे. सकाळी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर तो मोबाईल कानाला लावून नुसतंच "हं... हं..." करत होता. फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता टायरवरचा हात पुसत म्हणाला, "कौसे, जालन्याहून फोन आल्ता. तुझ्या त्या गयाआक्काचा नंबर लागला गं."

आमच्याकडं माणूस गेलं की असंच म्हणतात. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हातारी माणसं तर स्वतःबद्दलच हसून बोलतात, आता आपला नंबर म्हणून. पण त्या दिवशी तो शब्द ऐकला आणि मला रडू यायच्या आधी राग आला. मी डबा टेबलावर आपटला. "दादा, तसं नको म्हणू." "कसं?" "नंबर लागला असं." तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. मी कुणावर आवाज चढवत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्याला काय सांगणार होते मी... जवळजवळ वर्षभर आक्का आणि मी एका नंबराची वाट बघत होतो. दवाखान्याच्या. तो काही लागला नाही.

आता महिना उलटून गेला. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा मी हे लिहायला बसते. माझी शाळा चौथीपर्यंतची. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून चुकलं तरी चालेल. पण मनातला राग उतरत नाही आणि राग कुणावर काढायचा तेही समजत नाही. सगळ्यात जास्त आक्कावरच येतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण येतो त्याला काय करू?

एक्याऐंशीच्या सुमाराला माझं लग्न झालं आणि मी जालन्यात मस्तगडला राहायला आले. आमचे हे कापडाच्या दुकानात कामाला होते. दुकानाच्या मागच्या बोळीत आमची एक खोली, आणि सगळ्या बोळीला मिळून एक नळ. वडीगोद्रीला आमच्या मळ्यात विहीर होती. गेलं, पोहरा सोडला, पाणी काढलं. पाण्याला नंबर लावायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. इथं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि दिवसभर बाई तिथं उभी राहणार कशी? म्हणून बायका आपली एकेक वस्तू रांगेत ठेवून कामाला जात. कुणाची फुटकी बादली, कुणाची वीट, कुणाची एका पायाची चप्पल. वस्तू ठेवली की नंबर लागला. पाणी आलं की ज्याची वस्तू पुढं तो पहिला भरणार. मी नवी, लाजरी. माझा हंडा मी ठेवायची आणि परत येईपर्यंत तो कुणीतरी मागं सारलेला असायचा. मी काही बोलायची नाही. पाणी जायचं, हंडा रिकामा घेऊन घरी यायची आणि ह्यांची बोलणी खायची.

एकदा मी अशीच शेवटाला उभी होते. नळाची धार बारीक होत चालली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "ह्या पोरीचा हंडा सकाळी माझ्या मागं होता. शेवटाला कसा गेला? त्याला काय पाय फुटले?" सगळ्या बायका इकडंतिकडं बघायला लागल्या. बोलणारी बाई उंच, हाडकुळी, कपाळावर हिरवं गोंदण, कासोटा घातलेलं लुगडं. तीच गयाबाई. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेल. मग मीही सगळ्यांसारखी तिला आक्का म्हणायला लागले. तिनं माझा हंडा उचलून स्वतःच्या हंड्याला भिडवून ठेवला आणि म्हणाली, "बोलत न्हाई म्हून काय माणूस न्हाई का ही?" मग माझ्याकडं वळून, "आन तू गं... हंडा काहून ठेवती? हंडा कोनीबी सारतं. वजनदार वस्तू ठेव. तोंडात नसंल तर वस्तूत तरी वजन पायजे." दुसऱ्या दिवसापासून मी तुटका वरवंटा ठेवायला लागले. तो कुणी सारला नाही. वजनामुळं नव्हे, आक्कामुळं.

आक्काचं माहेर कुंभार पिंपळगावचं. तिथल्या आठवडी बाजारात तिचे वडील मिरच्या विकायचे. ती बोळीत आली ती दुजवराशी लग्न करून, नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि भांडण पेटलं की बायका तेच बाहेर काढत. मालनबाई नावाची एक बाई होती, तिला पाणी भरायची फार घाई. एकदा आक्कानं तिला रांगेत मागं जायला लावलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आली मोठी! सोता दोन नंबरची आन दुसऱ्यायला नंबर शिकवून राह्यली!" मला वाटलं आता झोंबाझोंबी होणार. आक्कानं शांतपणे पदर खोचला. "व्हय, घरात हाय मी दोन नंबरची. पयलीच्या फोटूला रोज हार मीच घालते. नळावर मातर तू आज शेवटची हाईस, मालने. घागर उचल." मालनबाईसकट सगळ्या हसल्या आणि घागर मागं गेली.

आक्का दाळमिलमध्ये दाळ निवडायला जायची. तिथं अख्खी पिवळीधमक दाळ ती एक नंबर आणि तुटकी, सालपटाची ती दोन नंबर. तिथून हा शब्द तिच्या तोंडात बसला होता. मग सगळ्या जगाचीच ती निवड करायची. जावई एक नंबर. माझा चहा कधी एक नंबर, आणि दूध कमी पडलं की, "आज दोन नंबर केला गं कौसे." बाजारातली पातळ पिशवी दोन नंबर, पुढाऱ्याचं भाषण दोन नंबर, पाऊसच बरा न पडलेलं साल असेल तर ते अख्खं साल दोन नंबर. चपलेच्या दुकानात गेली तर पाय पुढं करून म्हणायची, "नंबर मला ठाव न्हाई, पाय हा असा हाय." चष्मा बदलायला गेली तेव्हा डॉक्टरनं नंबर वाढलाय म्हणून सांगितलं, तर घरी येऊन मला म्हणाली, "काय बाई, समद्या जागी माझा नंबर मागं सरकतो, डोळ्याचा तेवढा पुढं जाऊन राह्यला."

माझी मुलगी हायस्कुलात गेली तेव्हा एकदा म्हणाली, "आई, नंबर हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ संख्या." मला तोवर तो भाकरीसारखा आपलाच शब्द वाटत होता. इंग्रजी म्हणजे काहीतरी अवघड असणार, हा इतका सोपा कसा? आक्का तिथंच शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "संख्या? जा मंग, नळावर संख्या लावून ये बरं. गाडीवर संख्या टाक. वर्गात पयली संख्या काढून दाखव." पोरगी हसून लोळायला लागली. आक्का मात्र जरा वेळानं गंभीर होऊन म्हणाली, "इंग्रजाचा असू न्हाई तर निजामाचा. शब्द चांगला हाय. नंबर असला का गरिबालाबी मिळतं. न्हाई तर दांडग्यानंच समदं नेलं असतं." तिचा त्या शब्दावर असा भरवसा होता. कुणाचा देवावर असतो तसा.

माझं दुसरं बाळंतपण जालन्यातच झालं, आई आजारी होती म्हणून माहेरी जाता आलं नाही. मी खोलीत पडून होते आणि माझा वरवंटा नळावर रोज पुढं सरकत होता. आक्का सरकवायची. पाणी आलं की आपले हंडे भरायची, मग माझे भरून दाराशी आणून ठेवायची. एखादी बाई कुरकुरली, "ती कुठं हाय इथं?" की आक्का म्हणायची, "वस्तू हाय ना? वस्तू हाय म्हंजी माणूस हाय." उपकार केल्यासारखं कधी बोलली नाही. नियम म्हणजे नियम. नियम मोडून तिनं माझे हंडे आधी भरलेही नाहीत कधी, लेकरू रडत असलं तरी.

पण नळापासून चार पावलं लांब गेलं की हा नियम चालत नाही हे माझ्यासारखीलाही दिसायला लागलं, तिला दिसेना. गॅससाठी तिनं नंबर लावला होता. बोळीत एकेकाकडं गॅस आला. कुणी ओळखीनं आणला, कुणी दोन नंबरनं. आमच्या ह्यांनीही दुकानाच्या मालकाकडून शब्द टाकून आणला. मी तिला म्हटलं, "आक्का, मालकाला तुझंबी सांगायचं का?" तर म्हणाली, "काहून? माझा नंबर हाय ना लावलेला. येईल." ती चुलीपुढं खोकत बसायची. शेगडी घरात आली तोवर तिच्या मुलाचं लग्न होऊन सून आली होती, आणि आक्का सुनेला सांगत होती, "बघ, आला का न्हाई नंबर?" मला तेव्हासुद्धा चीड आली होती. एवढ्या वर्षांचा धूर छातीत घेऊन हिला आनंद कशाचा होतोय?

पुढं घरोघर नळ आले. बोळीतला नळ कोरडा पडला, मग कुणीतरी तोटीही काढून नेली. आक्काची दाळमिल सुटली. संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची. तिचं पोट दुखायचं, ते तिनं बरेच दिवस सांगितलं नाही. सून संगीता, तिनं मला सांगितलं, "मावशी, आत्या अर्धी भाकर खातात आन पोट धरून बसतात." जालन्यातल्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं. जल्दी ऑपरेशन करून घ्या, मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. आक्काच्या मुलाला रजा मिळेना, संगीताचं लेकरू अंगावर पिणारं. म्हणून तिच्यासोबत मी गेले. मी, जिला एसटीचं तिकीटसुद्धा दुसऱ्यानं काढून द्यावं लागायचं.

दवाखाना परगावी होता, धर्मादाय. आम्ही सकाळी सकाळी पोचलो. कागद काढायची खिडकी बंद होती आणि तिच्यापुढं ओळीनं वस्तू ठेवलेल्या होत्या. चपला, पाण्याच्या बाटल्या, एक वीट. खेड्यापाड्यातून आलेली माणसं आमच्यासारखीच. आक्काचा चेहरा खुलला. "बघ कौसे, इथंबी आपल्यावानीच हाय." तिनं आपल्या दोन्ही चपला काढून विटेच्या मागं नीट ठेवल्या आणि आम्ही लिंबाच्या पारावर जाऊन बसलो. तिला उभं राहवत नव्हतं. जरा वेळानं झाडणारा आला, त्याच्यामागं खाकी कपड्यातला राखणदार. राखणदारानं पायानं सगळ्या वस्तू एका कोपऱ्यात ढकलल्या, झाडणाऱ्यानं फरशी झाडली. खिडकी उघडली तेव्हा जे कोण तिथं उभे होते त्यांची रांग झाली. नुकतेच गाडीतून उतरलेले लोक पुढं आणि पहाटेपासूनचे लोक कोपऱ्यात चपला शोधत.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी त्या राखणदारापुढं जाऊन उभी राहिले. "ओ भाऊ, आमचा नंबर होता. तिथं चपला होत्या आमच्या." तो म्हणाला, "चपलेला तपासायचंय का डॉक्टरनं? माणूस पायजे उभं, माणूस." रांगेतले लोक हसले. मी म्हटलं, "आजारी माणूस कसं उभं राहील? तुम्ही कामून सारल्या वस्तू?" एवढ्या लोकांत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. मला वाटलं आता आक्का उठेल. पदर खोचेल. हा गडी मालनबाईपुढं काहीच नाही, आक्काच्या दोन वाक्यांत गप होईल. मी मागं वळून बघितलं... आक्का अनवाणी आली आणि तिनं माझा पदर धरून मला ओढलं. "गप बस कौसे. कशाला तोंड वाजवती? शिकलेल्या लोकायची जागा हाय ही. त्यायचं समदं बराबर असतं. येईल आपला नंबर."

आम्ही रांगेच्या शेवटी उभ्या राहिलो. आमच्यापर्यंत यायच्या आत खिडकी बंद झाली. पोटाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. परत येताना एसटीत मी तिच्याशी बोललेच नाही. ती मात्र खिडकीतून कापसाची रानं बघत मधूनच म्हणत होती, "पुढच्या बारीला चपला ठेवायच्या न्हाईत, बरं का. तिथला कायदा येगळा हाय."

पुढच्या खेपेला तिला आधार देत मीच रांगेत उभी राहिले. कागद निघाला. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. दाराला पडदा होता. पण बाजूला आणखी एक दार होतं, आणि त्यातून माणसं सारखी आत जात होती. कुणाच्या हातात चिठ्ठी, कुणी आतल्या माणसाला नावानं हाक मारून. मी आक्काला कोपरानं ढोसलं, "हे बघून राह्यली का?" "त्यायचा आधीचा नंबर असंन," ती म्हणाली. "आधीचा कसा असंन? आपल्या डोळ्यादेखत आले." "तुला काय ठाव?" मी उठून नर्सबाईला म्हटलं, "बाई, ह्या सकाळपासून बसल्यात, दुखायलंय त्यांना." ती कागदाकडं न बघता म्हणाली, "नंबर आला की बोलावू." आणि आक्का खूष! "बघ. म्हनल्या का न्हाई?" जणू नर्सबाईनं तिचीच बाजू घेतली. मला हुंदका फुटला. दुःखाचा नाही, चिडीचा. बोळीत एका वाकड्या घागरीसाठी जगाशी भांडणारी बाई ही, आणि स्वतःच्या जिवासाठी तिला शब्द फुटत नव्हता. आणि मी फोडला तर तो ती परत माझ्या तोंडात कोंबत होती.

दुपारी उशिरा डॉक्टरांनी तपासलं. ऑपरेशन करायचं ठरलं. पण खाटा भरलेल्या, नंबर लागला की कळवू, फोन नंबर द्या. आक्काच्या घरी फोन नव्हता. तिनं मोठ्या अभिमानानं माझ्याकडं बोट केलं, "हिचा घ्या. हिच्या घरी हाय." मी नंबर सांगितला, परत एकदा सांगितला, त्यांनी लिहिलेला वाचायला लावला.

त्यानंतर माझ्या घरातला फोन मला वैऱ्यासारखा वाटायला लागला. वाजला की मी भाकरीच्या पिठाच्या हातानं धावायची. जावयाचा असायचा, दुकानाचा असायचा, चुकून लागलेला असायचा. संध्याकाळी आक्का उंबऱ्यावर येऊन बसायची, सुरुवातीला चालत, मग संगीताचा हात धरून. काही विचारायची नाही. फोनकडं एकदा बघायची आणि दुसरंच बोलायला लागायची. आमचे हे म्हणाले, "दुसरीकडं कुठं दाखवा." तिचा मुलगा म्हणाला, ओळखीचा कुणी बघतो. आक्का सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "कळवतो म्हनले न्हवं? दुसरीकडं गेलं आन इथला नंबर लागला तर? लागलेला नंबर सोडायचा व्हय?"

शेवटी मी तिला न सांगता एकटीच एसटीनं त्या दवाखान्यात गेले. भांडायचं ठरवून गेले होते. गाडीत सगळी वाक्यं मनात म्हणत होते. खिडकीतल्या माणसाला मी म्हटलं, "गयाबाईच्या ऑपरेशनचं काय झालं? इतके महिने झाले, बाई मरायला टेकली." तो वाईट नव्हता. त्यानं पानं उलटली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आहे, नंबर आहे त्यांचा. येईल." मी विचारलं कधी, तर म्हणाला, "पुढचे झाले की." पुढचे किती, ते त्याला सांगता येईना. मी म्हटलं, "साहेब, त्यांना थांबवत नाही." तो म्हणाला, "सगळ्यांचं तेच आहे, मावशी." माझी पाठ केलेली सगळी वाक्यं संपली. मी एवढ्या लांब जाऊन तेच एक वाक्य घेऊन परत आले. आणि ते मी आक्काला सांगितलं, कारण खोटं मला जमत नाही. तिचा चेहरा असा उजळला... माझा हात दाबून म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं? नंबर हाय." त्या क्षणी मला वाटलं, तिचा हात झटकून टाकावा.

मी वडीगोद्रीहून आले तोवर सगळं उरकलं होतं. सुतकात बसायला बोळीतल्या बायका येत होत्या. मालनबाई आता पार थकली आहे, तीही आली. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "खरं सांगू का, ती भेली व्हती. चाकू-कात्रीला भेली. म्हून टाळत राह्यली. न्हाई तर गया आन गप बसंल?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं. पटल्यावर बरंही वाटलं. भीतीनं माणूस असं करतं, त्यात रागावण्यासारखं काय? तिला ऑपरेशन नकोच होतं, म्हणून ती मला ओढून खाली बसवत होती. असं मानलं की सगळं जागच्या जागी बसत होतं.

तेराव्यानंतर संगीतानं मला आतल्या खोलीत बोलावलं. दाराच्या मागं खुंटीला एक पिशवी होती, ती तिनं खाली काढली. "मावशी, ह्याचं काय करू? आत्यांनी दवाखान्यात जायला भरून ठेवली व्हती." मी उघडली. वर गाऊन होता, निळ्या फुलांचा, कोरा. आक्का जन्मात लुगड्याशिवाय काही नेसली नव्हती. संगीता म्हणाली, "दवाखान्यात लुगडं चालत न्हाई असं कोनीतरी म्हनलं. तर मला म्हनल्या, शिवून आण. घालून बघितला आन स्वतःलाच हसल्या." खाली ताट, नाव घातलेला पेला, फणी, साबणाची नवी वडी, गुंडाळलेला पंचा. "दर आठ दिवसाला समदं भायेर काढायच्या, उन्हात घालायच्या आन परत भरायच्या. म्हनायच्या, फोन आला तर येळेवर पळापळ नको."

म्हणजे ती भ्यालेली नव्हती. तिला जायचं होतं. उद्या बोलावलं असतं तर उद्या गेली असती. मला मालनबाईचं म्हणणं किती सोयीचं होतं, आणि तेही हातातून गेलं. मी त्या पिशवीपुढं बसून राहिले आणि तेव्हा मला उमगलं. नळावर नंबर आपोआप येत नव्हता. आक्का तिथं उभी असायची म्हणून तो यायचा. तिच्या तोंडाला सगळ्या भ्यायच्या म्हणून फुटक्या बादलीला माणसाची किंमत होती. हे बोळीतल्या लेकरालाही ठाऊक होतं. एकटी तीच समजत होती की ती ताकद नंबराची आहे. म्हणून दुसरीकडं गेली की ती निवांत बसायची. तिला वाटायचं, इथंही कुणीतरी उभं असेलच. कुणी नव्हतं. मी उभी राहायला गेले होते, मला तिनं बसवलं.

पिशवीच्या तळाशी एक चादर होती. पातळ, हिरव्या काठाची, धुऊन घडी केलेली. संगीता म्हणाली, "ही तुमची, मावशी. आत्यांनी तुमच्यासाठी ठेवली व्हती. म्हनल्या, सोबतीला कौसाच येईल, तिला खाली फरशीवर झोपावं लागंल आन तिची कंबर धरती."

ती चादर मी घरी आणली. काल दुपारी फरशीवर अंथरून तिच्यावर पडून बघितलं. खालचा गारवा लगेच वर आला, आणि उठताना कंबर धरलीच. एवढ्या पातळ चादरीनं काय होतंय, आक्का? दोन तरी ठेवायच्या होत्यास...